कवचमालिन्यमीमांसा

रंगभूमीवरील योद्ध्याच्या कवचास मळ कसा लावावा, या प्रश्नाचा साधार विचार मराठीत व्हावयाचा राहिला आहे. दुर्ग, दप्तरे, नाणी, मोडी लिपी यांस आपापले अभ्यासक लाभले. परंतु सहा मिलिमीटर जाडीच्या फोमशीटमधून कापलेल्या चिलखतावर पानिपतची धूळ कोणत्या दिशेने बसवावी, ही जिज्ञासा अनाथच राहिली. प्रस्तुत लेखक तिचे पालकत्व स्वीकारीत आहे.

प्रथम लक्षण. ज्या कवचास रण, स्वेद, पर्जन्य व काल यांपैकी कशाचाही स्पर्श झालेला नाही, त्यावर हे सर्व घडून गेल्याचा प्रत्यय देणारी हेतुपूर्वक अस्वच्छता म्हणजे कवचमालिन्य. यातील ‘हेतुपूर्वक’ हे पद वगळल्यास मध्यंतरात बटाटेवडा खाताना उरस्त्राणावर सांडलेल्या चटणीसही लक्षण लागू पडून अतिव्याप्तीचा दोष येतो. ‘स्पर्श झालेला नाही’ हे पद वगळल्यास संग्रहालयातील खरी चिलखते आपल्या शास्त्रात शिरतात. ती सर्वथा त्याज्य होत. त्यांचा मळ अर्जित आहे. आपल्यास केवळ आरोपित मळाचे प्रयोजन.

शास्त्राचे बीज भरतमुनींकडे सापडते. नाट्यशास्त्रातील आहार्याभिनयाच्या विवेचनात वेषाचे शुद्ध, विचित्र आणि मलिन असे तीन भेद केलेले आहेत. मलिन वेष उन्मत्त, प्रमत्त, वाटसरू आणि संकटग्रस्त यांच्याकडे जातो. योद्ध्याचे नाव या यादीत नाही, असा आक्षेप कवच चकचकीतच असावे असे मानणारा निर्मलपक्ष घेतो. त्याचे निरसन सुलभ आहे. मोहिमेवरून परतणारा शिलेदार वाटसरू असतोच. पराभूत असल्यास संकटग्रस्तही असतो. आणि तिसऱ्या अंकात नायकाच्या अंगावर एकटाच धावून जाणारा सैनिक उन्मत्त नव्हे, तर काय? शिवाय शस्त्रादी सामग्री जड धातूची न करता लाख, वेळू, वस्त्र अशा हलक्या द्रव्यांची करावी, हाही नाट्यशास्त्राचाच आदेश. फोमशीट त्याच परंपरेत बसते. मुनींपुढे ती नव्हती, एवढेच.

आता भेद. मालिन्य पंचविध आहे.

१. गर्तवासी. खिळ्यांच्या मुळाशी, पत्र्यांच्या सांध्यांत व नक्षीच्या खोलगट भागांत वसणारे. सिद्धी : काळ्या-तपकिरी रंगात भरपूर पाणी घालून तो सर्वत्र फासावा व सुकण्यापूर्वी फडक्याने पुसावा. वर आले ते जाते, खोल राहिले ते राहते.

२. धारोज्ज्वल. हा या शास्त्राचा गाभा होय. जीर्णतेची सर्वांत ठळक खूण काळी नसून लखलखीत असते. वारंवार घासला जाणारा काठ झिजतो, झिजलेला काठ उजळतो. यासाठी कुंचला चंदेरी रंगात बुडवावा, जुन्या वर्तमानपत्रावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसावा आणि मग केवळ कडांवरून ओढावा. नवशिक्या येथे फसतो. तो मळ म्हणजे अंधार, असे समजून संपूर्ण छाती काळी करतो आणि योद्धा कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा दिसतो. झिजेशिवाय मळ म्हणजे नुसता अजागळपणा. हे मत लेखकाने अकरा खांदे-पट्ट्यांचा बळी देऊन मिळविले आहे.

३. संसर्गज. म्यान, पट्टा वा हात यांच्या घर्षणाने होणारे. उजव्या हाताने लढणाऱ्याचे म्यान डाव्या कमरेस असते; तस्मात तेथील ओरखडेही डावीकडेच हवेत. लेखकाने एका ऐतिहासिक नाटकात सर्व ओरखडे उजवीकडे असलेला सरदार पाहिला. तो डावखुरा असल्याचा उल्लेख संहितेत नव्हता. उर्वरित प्रयोग लेखकास पाहवला नाही.

४. अधोगामी. खिळ्यापासून खाली उतरणारे गंजाचे ओघळ. ते आडवे काढू नयेत.

५. आगंतुक. चिखल, धूळ इत्यादी. चिखल पायाकडून वर चढतो, धूळ खांद्यावर वरून बसते. याहून अधिक येथे सांगण्यासारखे नाही. परंतु चाळीस मावळ्यांच्या एकाच गुडघ्यावर एकाच आकाराचा डाग असल्यास संपूर्ण सैन्य क्रमाने एकाच डबक्यात टेकून आले, असा अर्थ निघतो, हे दिग्दर्शकांनी ध्यानी घ्यावे.

द्रव्यविचारात दोन संप्रदाय प्रबळ आहेत. गैरिकवादी गंजासाठी गेरू वापरतात. गेरूचा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो, आणि गंजही लोहाचे ऑक्साइडच. म्हणून फोमच्या चिलखतावर बसलेला हा गंज रासायनिकदृष्ट्या गंजाचा सख्खा भाऊ ठरतो, असे ते अभिमानाने सांगतात. त्यावर प्रतिपक्ष असा की, हार्डवेअरच्या दुकानातील चंदेरी रंग ॲल्युमिनियमच्या चूर्णाचा असतो आणि ॲल्युमिनियम तांबडे गंजत नाही. पुढे जाऊन प्रतिपक्ष असेही बजावतो की, ॲल्युमिनियमचे चूर्ण व लोहाचे ऑक्साइड यांच्याच मिश्रणाने रेल्वेचे रूळ सांधतात. तथापि ती क्रिया पेटण्यास प्रचंड उष्णता लागते. रंगमंचावरील दिव्यांनी ती होत नाही. नटांनी निर्धास्त असावे.

दुसरा संप्रदाय मौलतानांचा. जी मुलतानी माती गृहिणी मुखकांतीसाठी लावतात, तीच चित्रपटसृष्टीत जगभर धूळ म्हणून वापरली जाते. एकाच द्रव्याने चेहरा उजळतो आणि चिलखत मळते. अधिकरणभेदाने फलभेद होतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण लेखकास ठाऊक नाही.

पाश्चात्त्यांत १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने अंतराळासही वापरून झिजलेले रूप दिले, हे मालिन्यपक्षाचे मोठे यश होय. उलट १९८१ च्या ‘एक्सकॅलिबर’मधील सरदारांची चिलखते आरशासारखी चकाकतात आणि निर्मलपक्ष त्यांचा दाखला वारंवार देतो. इतिहासही काही अंशी त्याच्याच बाजूस आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. युरोपातील सैनिक कड्यांचे चिलखत वाळूसह पिंपात घालून गडगडवीत, ते गंज जावा म्हणून. म्हणजे ज्याला लढावयाचे होते तो घासून काढीत होता, आणि ज्याला केवळ दोन अंक उभे राहावयाचे आहे तो फासून घेतो.

सर्वांत बिकट प्रश्न अंतःस्थ कवचाचा. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते. हा प्रसंग रंगमंचावर येतो तेव्हा ते चिलखत प्रेक्षकांस दिसत नाही. मग त्यास जीर्णता द्यावी काय? दृश्यवादी ‘नको’ म्हणतात. सात्त्विकवाद्यांचे म्हणणे असे की, नव्या फोमचा करकरीत वास नटाच्या नाकात असेल, तर चेहऱ्यावर प्रतापगड उमटणार नाही. लेखक सात्त्विकवादी आहे. त्याने गतवर्षी एका हौशी प्रयोगासाठी भाड्याने आणलेल्या चिलखताच्या आतील बाजूसही तीन रात्री जागून गेरू, काजळी व चहाचे पाणी यांचे संस्कार केले.

प्रयोगानंतर ते चिलखत ड्रेपरीवाल्यांकडे परत गेले. ते गृहस्थ कट्टर निर्मलपक्षीय निघाले. त्यांनी चिलखत आतून बाहेरून न्याहाळले, बोटाने गर्तवासी मालिन्य खरवडून पाहिले, ‘हे कुणी केलं हो?’ असा मूलगामी प्रश्न विचारला आणि डिपॉझिटमधून तीनशे रुपये कापून घेतले. पावतीवर ‘धुलाई’ असे कारण नोंदविले आहे. आमच्या सिद्धांताचे आजवर झालेले हे एकमेव लिखित खंडन असून मूळ प्रत लेखकाच्या संग्रही आहे.