रा. रा. करदातेसाहेब यांस

सा. न. वि. वि.

आपले खरे नाव मला ठाऊक नाही. गाडीच्या मागच्या काचेवर दोन देव, एक गड आणि ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ एवढा मजकूर होता, मालकाचे नाव तेवढे नव्हते. म्हणून आपण स्वतःच्या तोंडाने करून दिलेल्या ओळखीवरून मायना लिहिला आहे. सातारा रस्त्याच्या सायकल ट्रॅकवर आपली एसयूव्ही विसावली होती. मी घंटी वाजवली. आपण काच चार बोटे खाली केलीत आणि विचारलेत, “रोड टॅक्स भरतोस का? इन्शुरन्स आहे का? मग वाजवतोस कशाला?” वयाने मी आपल्याहून थोडा मोठाच असेन, पण सायकलवर बसलेल्या माणसाला पुण्यात अहो-जाहो करायची पद्धत राहिलेली नाही, त्यामुळे त्याचा राग नाही. प्रश्न मात्र मनाला लागला. उत्तर द्यायला मी तिथे थांबलो नाही, कारण मागून पीएमपीची एक बस येत होती आणि ट्रॅकवर आपण होता.

पहिल्यांदा कराचे. आपली मागणी नवी आहे असे आपल्याला वाटत असेल, तर घरातल्या एखाद्या ऐंशीच्या पुढच्या आजोबांना विचारा. एके काळी सायकलला कर होता. वर्षाचे पैसे भरले की धातूचा बिल्ला मिळे आणि तो सायकलला अडकवावा लागे. संध्याकाळी दिवा नसला, किंवा मागे मित्राला डबलसीट घेतले, की कोपऱ्यावरचा पोलीस चाकातली हवा सोडून देई. एवढा कर भरून त्या पिढीला काय मिळाले? त्यांच्या हयातीतच त्यांचे सायकलींचे शहर मोटारींचे झाले, आणि बिल्ला माळ्यावरच्या डब्यात गेला. तेव्हा ‘कर भरला की रस्त्यावर हक्क मिळतो’ हा आपला सिद्धान्त पुण्यातच एकदा करून पाहिलेला आहे.

आता आपला कर. आपण भरता तो मोटार वाहन कर. १९५८ च्या कायद्याने तो मोटार वाहनावर बसतो, किमतीच्या टक्केवारीत एकरकमी घेतला जातो आणि राज्याच्या तिजोरीत जातो. सातारा रस्त्यावरचा खड्डा बुजवायचा असतो महापालिकेला. तिचा पैसा येतो मिळकतकरातून, बांधकाम शुल्कातून, जीएसटीच्या अनुदानातून. मिळकतकर मीही भरतो. खोली भाड्याने घेऊन राहणारा, सायकलवर कामाला जाणारा गवंडीसुद्धा घरमालकाच्या हातून तो भरतोच. त्याच मिळकतकरातली ४० टक्के सवलत गेली तेव्हा अख्ख्या शहराने आकाश-पाताळ एक केले, आणि २०२३ मध्ये ती पुन्हा पदरात पाडून घेतली. त्या गर्दीत करदाते म्हणून आपणही असालच. सायकल घेताना मी १२ टक्के जीएसटी भरला तो वेगळा. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला, पण माझी जुनी आहे. चतुःशृंगीच्या जत्रेत पाळण्याचे तिकीट काढले म्हणून जत्राच आपली झाली, असे कोणी म्हणत नाही.

आणखी एक शंका. इलेक्ट्रिक गाड्यांना राज्याने हाच कर माफ केला आहे. आपल्या सोसायटीतही अशा एक-दोन गाड्या असतील. त्यांच्या मालकांना आपण “टॅक्स भरतोस का?” असे विचारून पाहिलेत का? की हा प्रश्न फक्त पायडल मारणाऱ्यासाठी राखून ठेवला आहे?

तरीही आपण मोठ्या मनाने म्हणाल, नियम तो नियम, वापरेल त्याने भरावे. कबूल. मग हिशेब करू. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवत ठेवले आणि रस्ता किती झिजतो ते मोजले. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की झीज आसावरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट झाले की झीज सोळापट. आपली गाडी माणसांसह दोन टनांची धरू. मी आणि माझी सायकल मिळून ८५ किलो. भागाकार येतो साधारण साडेतेवीस, आणि त्याचा चौथा घात तीन लाखांच्या वर जातो. म्हणजे आपली एक फेरी ही माझ्या तीन लाख फेऱ्यांच्या बरोबरीची. गाडी पेट्रोलची, २२ लाखांची धरली, तर १३ टक्क्यांनी आपण २ लाख ८६ हजार रुपये कर भरला असेल. त्या दराने माझ्या वाट्याला येतात ९३ पैसे. मी रुपया देतो, वरचे सात पैसे वसुली कारकुनाच्या चहाला. (नियम ढोबळ आहे, पाऊस आणि वारंवारची खोदाई त्यात धरलेली नाही. ती धरली तर आपण दोघेही निर्दोष सुटू.)

नाही तरी रस्ता कशाने टिकतो हे पुणेकराला सांगायला नको. जंगली महाराज रस्ता १९७६ साली रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन केला आणि तो पुढे कित्येक दशके खड्ड्यावाचून टिकला. तेव्हा त्यावरून सायकलींचे थवे जात. त्यांच्यामुळे तो खचल्याची तक्रार कोणी केली नाही.

विम्याचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमाने विम्याची सक्ती केली, ती तिसऱ्या माणसासाठी. आपली गाडी ज्याला उडवेल त्याच्या कुटुंबाला काही मिळावे म्हणून. सायकलनेही माणूस जायबंदी होऊ शकतो. जपानमध्ये कोबे इथे २००८ साली शाळकरी मुलाच्या सायकलची धडक बसून एक बाई अंथरुणाला खिळली. २०१३ मध्ये न्यायालयाने मुलाच्या आईला सुमारे साडेनऊ कोटी येन भरायला सांगितले. त्यानंतर २०१५ मध्ये तिथल्या ह्योगो प्रांताने सायकलला विमा सक्तीचा केला. आमच्यातलेही काही महाभाग उलट्या दिशेने, बिनदिव्याचे, कानात गाणी घालून येतात. त्यांनी एखाद्या आजींचे माकड हाड मोडले तर खर्च कोणी करायचा, हा प्रश्न खराच आहे, आणि ऐपत असेल त्याने विमा काढावा असे माझेही मत आहे. पण सक्ती? स्वित्झर्लंडमध्ये सायकलला दरवर्षी विम्याचा स्टिकर लावावा लागे. बहुतेक घरांचा उत्तरदायित्वाचा विमा आधीच असतो, असे पाहून २०१२ पासून तो बंद केला. आणि आपल्या देशात, जिथे सक्ती आहेच, तिथे निम्म्याहून अधिक वाहने बिनविम्याची फिरतात, हे संसदीय समितीच्या अहवालात आले आहे. आधी ती निम्मी आवरा. मग दूधवाल्याच्या सायकलकडे या, तो कुठे पळून जात नाही.

खरे तर साहेब, बाकी निघते आहे ती आपल्याकडे. आपली गाडी दिवसाचे बरेच तास सार्वजनिक जागेवर उभी असते. त्या जागेचे भाडे? महापालिकेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले, तेही आरडाओरडा होऊन पाच रस्त्यांपुरते आले, आणि पुढे त्या पाचांवरही वर्षानुवर्षे पावती फाटली नाही. त्याच वर्षी शहरातली नोंदवलेली वाहने लोकसंख्येच्या पुढे गेल्याची बातमी आली होती. त्याच्या आदल्या डिसेंबरात सायकल आराखडाही मंजूर झाला होता. पाठोपाठ भाड्याच्या रंगीत सायकली आल्या, त्यांतल्या काही मोडलेल्या तर काही नदीत सापडल्या, आणि कंपन्यांनी गाशा गुंडाळला. त्या सायकली नदीत कोणी टाकल्या हे मी आपल्याला विचारत नाही. आपल्याला ट्रॅकवर गाडी लावण्यातून सवड कुठली?

जाता जाता आभार मानतो ते आमच्याच जातकुळीचे. २०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, ४३७ किलोमीटरची. तिच्यासाठी शहरात आणि जिल्ह्यात रस्त्यांवर ताजे डांबर पडले. तिच्यातल्या कोणा पाहुण्या सायकलस्वाराने पुण्यात रोड टॅक्स भरल्याचे ऐकिवात नाही. त्या डांबरावरून आपली एसयूव्ही आता अलगद जाते. खुशाल जावी.

आपला,
एक बिनकराचा

ता. क. : आपल्याकडे स्कूटरही आहे असे समजते. मी सायकलवर हेल्मेट घालतो, माझ्यावर त्याची सक्ती नाही. आपल्यावर कलम १२९ ने आहे. जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी त्याची अंमलबजावणी सुरू केली तेव्हा ‘हेल्मेटसक्ती विरोधी’ म्हणून याच शहरात मोर्चा निघाला होता. विम्याच्या सक्तीसाठी काढायचा असेल तर बॅनर जुनाच चालेल, ‘हेल्मेट’च्या जागी ‘विमा’ लिहा आणि ‘विरोधी’ एवढे खोडा.