हार्डकॉपी पाठवा!

माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० सालीच इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाला मान्यता दिली. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना व्यापारी-ते-व्यापारी बिलांसाठी जीएसटीचं ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं. त्यावर ६४ अक्षरांचा क्रमांक, क्यूआर कोड. तीन प्रतींची अटही त्याला नाही. बिल क्षणात खरेदीदाराकडे पोहोचतं. मग अकाउंट्समधून फोन: "मेल मिळाला हो, पण हार्डकॉपी पाठवा. तीन प्रती, सही-शिक्क्यासह." तो कागद कुरिअरने जातो, तिथे स्कॅन होतो, साहेबांना मेल होतो आणि साहेब मंजुरीसाठी त्याची प्रिंट काढतात. लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं कायदा सांगतो. मोजणी मात्र हार्डकॉपी इनवर्ड झाल्यावरच सुरू. आणि इनवर्डचा माणूस आज रजेवर आहे!