कमी गुन्ह्यांच्या शिल्पकारास सप्रेम नमस्कार

मा. ठाणे अंमलदारसाहेब,


आपलं किंवा आपल्या ठाण्याचं नाव मी मुद्दामच घालत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. पत्र वाचून ज्यांना ज्यांना ते आपल्यालाच आलंय असं वाटेल, त्या सर्वांनी ते नि:संकोच स्वीकारावं.

प्रथम आभार. उन्हाळ्यात माझ्या विहिरीवरचा पंप गेला. बोल्ट पान्याने सोडवून दगडावर ओळीने मांडून ठेवलेले, वायर अशी सफाईने कापलेली की आमच्या वायरमनने मान डोलावली. मी अडाणी, मला ही चोरी वाटली. आपण साडेसात हजारांचं बिल पाहिलंत, मग माझ्याकडे पाहिलंत आणि मायेने विचारलंत, "जुना झाला असेल ना हो आता?" किंमत लावलीत चार हजार नऊशे.

घरी येऊन कायदा चाळला आणि आपल्या व्यासंगापुढे हात जोडले. 1 जुलै 2024 पासून आलेल्या नव्या कायद्यांत पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र (एनसी). म्हणजे एफआयआर नको, मॅजिस्ट्रेटने सांगितल्याशिवाय तपास नको. एनसीची पावती घ्यायची आणि घरी जायचं. नुसती किंमत उतरवून जिल्ह्यातला एक गुन्हा नाहीसा करणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

आमच्या सौ.ही आपल्या ऋणी आहेत. एसटी स्टँडवर त्यांच्या पर्सला ब्लेड लागलं आणि मोबाइल गेला. चिरलेली पर्स त्यांनी टेबलावर ठेवली, ती आपण हलकेच बाजूला सरकवलीत आणि दाखला दिलात: 'गहाळ'. बाईमाणसाची वेंधळेपणाची कबुली एवढ्या सभ्यपणे कोण लिहून घेतं!

चुलतभावाच्या घराचं तर विचारूच नका. तो मुंबईला, घर बंद. ज्येष्ठात शेजारच्या काकूंनी आत जाऊन देवापुढे दिवा लावला तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. पुढे आषाढ-श्रावणाच्या पावसात कधीतरी मागचं दार उचकटलं गेलं. तांब्याचा हंडा, घंगाळं, समया, सगळं साफ. कळलं गणपतीला, घर उघडल्यावर. आपण म्हणालात, "अर्ज देऊन ठेवा, चौकशी करतो." दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात 12 नोव्हेंबर 2013 रोजी सांगितलं. पण दिल्लीहून रत्नागिरीला येईपर्यंत कागदाला वेळ लागतो, हे मी समजू शकतो.

शिवाय आपण आम्हाला केवढ्या घोटाळ्यातून वाचवलंत! समजा, गुन्हा दाखल केला असता, तरी तो मोजला गेला असता दाखल झाल्या तारखेला, म्हणजे भाद्रपदात. अशी दहा-वीस बंद घरं एकदम उघडली, की आलेख सांगणार, रत्नागिरीत घरफोड्या होतात त्या गणपतीत. मग गस्तीची गाडी वाडीवाडीतून फिरणार नेमकी तेव्हा, जेव्हा घराघरात पंधरा माणसं आरत्या म्हणत जागी असतात. चोराने आषाढात यायचं आणि पोलिसांनी भाद्रपदात, एवढा समंजसपणा दोन्ही बाजूंनी इतरत्र पाहायला मिळत नाही. फिर्यादीत 'गुन्हा दाखल' शेजारी 'गुन्हा घडला, केव्हापासून केव्हापर्यंत' असाही रकाना असतो. त्यावरून बंद घरांचा महिनावार नकाशा काढला, तर गस्त कोणत्या वाडीत, कोणत्या पंधरवड्यात हवी ते शेंबडं पोरही सांगेल. पण त्यासाठी आधी फिर्याद लागते, आणि आपल्याकडे तर अर्ज आहेत.

चोराचं नियोजन मात्र पक्कं. कुठल्या घराला कुलूप आहे, चाकरमानी कधी येणार, कुठल्या वळणापलीकडे पोलिसांची गाडी जात नाही, हे सगळं त्याला पाठ. आपलं नियोजन आकड्यांवर: 2001 साली या जिल्ह्यात 16,96,777 माणसं होती, 2011 मध्ये 16,15,069 उरली. 2021 ची जनगणना झालीच नाही. कागदावर माणसं कमी, आपल्या कृपेने गुन्हेही कमी. मग आमच्या बीटला जादा माणूस मागायला साहेबांनी कुठल्या तोंडाने जायचं? आंब्याच्या हंगामात बागायतदार स्वत:च्या खिशातून गुरखे ठेवतात, ती या आकड्यांची फलश्रुती.

आपल्या मागची साखळीही मी जाणतो हो. क्राइम मीटिंगमध्ये 'गेल्या वर्षी याच महिन्यात किती होते?' असा प्रश्न आला, की कुठल्या प्रभारी अधिकाऱ्याच्या घशाला कोरड पडत नाही? तो खाली आपल्याकडे बघतो, आपण माझ्या पंपाकडे. पुढे तोच आकडा अधीक्षक कार्यालयातून वर, पुण्याला सीआयडीकडे, तिथून दिल्लीला एनसीआरबी या राष्ट्रीय गुन्हे नोंद संस्थेकडे जातो आणि 1953 पासून निघणाऱ्या 'क्राइम इन इंडिया'त छापला जातो. आता आकड्यांवरून भाकीत करण्यासाठी राज्य सरकारने 'मार्व्हल' नावाची कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनीही काढली आहे. माझा पंप चोरीला गेला नाही, हे तिला आपणच शिकवलंत, याचा मला अभिमान वाटतो.

आपण एकटे नाही, हेही सांगून ठेवतो. इंग्लंड-वेल्सच्या पोलीस निरीक्षणालयाने 2014 मध्ये तपासलं, तर लोकांनी कळवलेल्यांपैकी 19 टक्के गुन्हे वहीत चढलेच नव्हते. वर्षाला आठ लाखांवर. न्यूयॉर्कने 1994 पासून 'कॉम्पस्टॅट' नावाची आकड्यांची बैठक जगाला शिकवली. तिथेच ब्रुकलिनच्या 81 व्या ठाण्यातल्या एड्रियन स्कूलक्राफ्ट या शिपायाने, आमच्याकडे गुन्हे दाबले जातात, असं सांगितलं, तर 2009 मध्ये त्याला घरातून उचलून मनोरुग्णांच्या वॉर्डात नेऊन ठेवलं. आपण मला फक्त "उद्या या" म्हणालात. एवढी माणुसकी न्यूयॉर्कला कुठली?

आता एक नम्र विनंती. निदान एक महिना, चोरीला चोरी लिहून पाहावं. पंपाचा मला पत्ता लागेल अशी आशा नाही, तो कधीच भंगारात गेला. पण आलेख वर चढेल, आणि क्राइम मीटिंगमध्ये आपल्या साहेबांना घाम फुटेल. तेव्हा एनसीआरबीचाच अहवाल पुढे करावा. गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा इशारा त्या अहवालातच छापून ठेवलेला आहे. त्या पानाच्या झेरॉक्स मी माझ्या खर्चाने काढून आणून देतो; कितीही सांगा.

कळावे, लोभ आहेच, तो किंमत न उतरवता वाढवावा.

आपला कृपाभिलाषी,
एक अर्जदार
(फिर्यादी म्हणवून घेण्याचा मान अद्याप मिळालेला नाही)