काही नाही, तेही एका दिवसात

जैसलमेरला पाहण्यासारखं मुख्य काय, तर काही नसणं. नजर जाईल तिथवर काही नाही, हीच त्या मुलखाची श्रीमंती. पण आगाऊ पैसे भरून आलेल्या मराठी माणसाला 'काही नाही' दाखवायचं कसं? टूरवाल्यांनी हा पेच सोडवला आहे. त्यांच्या एका दिवसाच्या सहलीत वाळवंट सोडून सगळं येतं.

सकाळी कुलधरा. पालीवाल ब्राह्मणांचं ओस गाव. दिवाण सलीम सिंहाने करवसुलीने लोकांचा जीव नकोसा केला, वर गावातल्या मुलीवर डोळा ठेवला, म्हणून सगळे एका रात्रीत शाप देऊन निघून गेले, असं सांगतात. (अभ्यासक आटत गेलेलं पाणी, भूकंप अशी कारणं पुढे करतात, पण भूकंप सांगून गाइडला बक्षिसी मिळत नाही.) तर, कराला कंटाळून सोडलेल्या त्या घरांत शिरायला आता तिकीट आहे. दिवाणजी असते तर हळहळले असते: माणसं राहत होती तोवर एवढी सुखाने वसुली कधी झालीच नाही!

दुपारी शहरात त्याच सलीम सिंहाची हवेली. दगडी मोरांच्या ओळी, कोरीव सज्जे, आणि इथेही तिकीट. सकाळी 'मेल्याचं तळपट होवो' म्हणणाऱ्या काकू 'काय बाई कलाकुसर!' म्हणत मेल्याच्याच सज्ज्याखाली फोटो काढून घेतात. मधे वरण-भात झालेला असतो. पोटभर जेवणाऱ्याचा राग टिकत नाही.

बाडमेर रस्त्यावर आकल आहे. सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलातली झाडं तिथे दगड होऊन पडली आहेत. त्यांना दहा मिनिटं.

संध्याकाळी समच्या वाळूच्या टेकड्या. सूर्यास्त बघायचा असतो, पण मधे उंट, जीपगाड्या आणि आपल्याच ग्रूपची माणसं. मग तंबूत कालबेलिया नाच. युनेस्कोने 2010 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलेला. दोन गाण्यांनंतर मागून आवाज येतोच, 'झिंगाट लावा!' वाळवंटातली ती प्रसिद्ध शांतता तेव्हा कुठे असते, कोण जाणे. तिची सोय पॅकेजमध्ये नाही.

त्याच बाजूला माळढोकाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे त्याला गोडावण म्हणतात, आणि तो राजस्थानचा राज्यपक्षी. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते. पक्षी वजनदार, त्यात समोरचं नीट दिसत नाही, म्हणून विजेच्या तारांवर आदळून मरतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आहे. आपली मंडळी मात्र गाडी थांबवून फोटो काढतात ते पवनचक्क्यांचे.

सोलापूरहून आलेल्यांना तरी या पक्ष्याची ओढ असायला हवी. नान्नजचं अभयारण्य त्यांच्या दारात. पण त्यांचा सवाल रोकडा असतो.

"दिसेल का नक्की?"

"सांगता येत नाही, साहेब."

"मग राहू द्या. उद्याचं काय?"

उद्या तनोट. तिथल्या देवीच्या मंदिरात 1965 च्या युद्धातले पाकिस्तानी बॉम्ब मांडून ठेवले आहेत. ते हमखास दिसतात. तेव्हापासून एकही उडालेला नाही.