ओमायक्रॉना, सौम्यपणाचं श्रेय तुझं नव्हे!

ओमायक्रॉना,

कोल्हापुरात तुझी अब्रू अजून शाबूत आहे. महाद्वार रोडवर कुणालाही विचार, 'तो होय? साधी सर्दी होती की!' असंच ऐकशील. हा दाखला तुझ्या हातून काढून घ्यायला हे पत्र लिहितोय.

तुझ्याआधीचा कोरोनाचा अवतार, डेल्टा, उघड दरोडेखोर होता. जून 2021 मध्ये शेजारच्या काही जिल्ह्यांत व्यवहार सुरू होत होते, तेव्हा कोल्हापूर चौथ्या स्तराच्या कडक निर्बंधांत अडकलं होतं. म्हाताऱ्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि आकडा 94 च्या खाली घसरला की सीपीआर रुग्णालयाकडे धावायचं. त्यातून जे वाचले, त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली. लशीनं त्यात भर घातली. आयसीएमआरच्या जून-जुलैच्या पाहणीत देशातल्या 67.6 टक्के लोकांत ती सापडली. डेल्टाला नवी माणसं मिळेनाशी झाली.

तू नेमकी हीच वेळ साधलीस. स्पाइक प्रथिनात तीसहून जास्त बदल करून आलास, त्यामुळे जुन्या प्रतिपिंडांना तू नीट ओळखू आला नाहीस. डेल्टाला मज्जाव होता त्या शरीरांतही तुला शिरता आलं. जानेवारी 2022 मध्ये घरात एकाला कणकण आली की दोन-तीन दिवसांत अख्खं कुटुंब अंथरुणावर. यात पराक्रम कसला?

फुप्फुसावरची तुझी पकड डेल्टापेक्षा ढिली होती, एवढं मान्य. पण आम्हाला खरं वाचवलं ते आधीचा संसर्ग आणि लस यांतून तयार झालेल्या आमच्या टी पेशींनी. त्या विषाणूचे अनेक तुकडे लक्षात ठेवतात, तू सगळे बदलू शकला नाहीस. हाँगकाँगमध्ये तुझा सौम्यपणा कुठं गेला होता? तिथं आधी संसर्ग फारसा झाला नव्हता, असंख्य वृद्धांनी लस घेतली नव्हती. 2022 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तू तिथं हजारो माणसं मारलीस, बहुतेक म्हातारी.

इथली प्रतिकारशक्ती फुकट मिळालेली नाही. डेल्टानं नेलेल्या माणसांच्या घरांनी तिची किंमत मोजली आहे. ती तुझ्या नावावर जमा करू देणार नाही.

तुझा वंशज जेएन.1 डिसेंबर 2023 मध्ये सिंधुदुर्गात सापडला. पुढचाही येईल. म्हणून वाचकहो, एवढंच करा: सर्दी-खोकला असेल तर घरातल्या आजी-आजोबांजवळ मास्क लावल्याशिवाय बसू नका.