वीस मिनिटांत पाणबुड्या : खास कन्हानकरांसाठी

स्कूबा डाइव्हिंगसाठी कन्हानहून मालवण जवळपास हजार किलोमीटर. हे तुमच्या फायद्याचंच आहे, कारण परतल्यावर तुम्ही समुद्रात नेमकं काय केलंत ते पडताळायला कोणी तिकडे जात नाही.

१. सराव नदीत करू नका. उन्हाळ्यात कन्हानचं पाणी घोट्याला लागतं आणि रेती उपसलेल्या खड्ड्यात एकदम डोक्यावरून जातं. मधली पातळी तिने ठेवलेलीच नाही. शिवाय हेच पाणी उपसून नागपूरला जातं, तुमची सासुरवाडी ते पिते. घरचा निळा ड्रम बरा. त्यात तोंड बुडवून, श्वास रोखून तीस आकडे मोजा आणि ‘जमते बाप्पा आपल्याले’ म्हणून अंग पुसा.

२. पोहायच्या भानगडीत पडू नका. खरा ‘ओपन वॉटर’ कोर्स तीन-चार दिवस खातो. त्यात २०० मीटर पोहा, १० मिनिटं तरंगा, तोंडातून निसटलेला रेग्युलेटर चाचपून पुन्हा लावा, मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकाने फुंकून काढा, जोडीदाराची हवा संपली तर त्याला आपली द्या आणि एवढं झाल्यावर समुद्रात चार डाइव्ह. तारकर्लीला एमटीडीसीची संस्था असले कोर्स रीतसर घेते. शिकणाऱ्यांची कीव येते. तेवढ्या दिवसांत तुमचा सिंधुदुर्ग किल्ला, मालवणी थाळी आणि काजूखरेदी उरकते.

३. फॉर्मवर सही करा, वाचत बसू नका. दमा? नाही. बीपी? नाही. बीपीच्या गोळ्यांची पिशवी हातात धरून बायको शेजारीच उभी असेल, तर तिला किल्ला दाखवा.

४. होडीवरचं प्रशिक्षण मन लावून ऐका. शेंगदाण्याची पुडी संपायच्या आत ते संपतं. आपल्या पट्ट्यातल्या कोळसा खाणीत नव्या माणसाला प्रशिक्षणाशिवाय कामाला लावत नाहीत, १९६६ पासून तसे नियमच आहेत. पण ती पडली खाण. तिथे कोणी व्हिडिओ काढून देत नाही.

५. त्या पुडीच्या आवाजात एक वाक्य हटकून बुडतं : श्वास कधीही रोखू नका. १० मीटर खाली दाब दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतलेली हवा रोखून वर आलात, की तीच हवा दुप्पट जागा मागते. एवढं खोल जायलाही नको, दीड-दोन मीटरही इजेला पुरतात. रामटेकच्या जत्रेत फुगा फुटला तर फुगेवाला दुसरा देतो. फुप्फुसांची तशी सोय नाही. पण तुम्ही काळजी करू नका. ड्रमात तीस आकडे मोजून नेमकी हीच तयारी तुम्ही घरून करून आला आहात.

६. कान दुखला तर सोसा. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं असतं, तेही दुखायच्या आधी. पण पैसे भरलेत ना?

७. खुणांकडे दुर्लक्ष करा. मी केलं. खाली गेलो, पट्ट्यापट्ट्यांचे चार मासे समोरून गेले, जीव हरखला. शिकवणाऱ्या पोराला मी अंगठा दाखवला, आपण रोज व्हॉट्सॲपवर दाखवतो तसा. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ ‘वर चला’. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनीचं गोल कडं करायचं असतं. पोरगं आज्ञाधारक, लगेच वर घेऊन आलं. ‘काय झालं काका?’ म्हणालं. ‘मस्त होतं’ म्हणालो. तोवर पुढच्याच्या पाठीवर टाकी चढली होती.

८. परतताना विमानात बसू नका. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला एका डाइव्हनंतरही किमान १२ तास द्यावे लागतात. कुडाळहून रेल्वेने निघा. नागपूर येईपर्यंत नायट्रोजनच काय, सोबतच्या दशम्याही संपतात.

९. आता व्हिडिओ. बिस्किटाच्या चुऱ्यावर जमलेले मासे ठेवा, तुमचे वटारलेले डोळे कापा. टाकीमागे एक हात दिसेल. तुम्हाला पूर्ण वेळ मांजराच्या पिल्लासारखं धरून ठेवणारा. तो काही केल्या कापला जात नाही, त्याच्यासोबत तुम्हीही कापले जाता. स्टेटसला टाकलंत की तासाभरात कामठीची आत्या विचारेल, ‘काहो भाऊ, हा मांगचा हात कोनाचा?’

माशाचा आहे म्हणून सांगा.