उंब्रजच्या आत पहिला खून

माझा नियम साधा आहे. सातारा स्टँडवरून गाडी सुटली की उंब्रजच्या आत पहिला खून पडला पाहिजे. नाही पडला तर कादंबरी पिशवीत आणि डोकं खिडकीला.

नोकरी सांगलीला आणि बिऱ्हाड साताऱ्याला, अशी माझी वाटणी होऊन अकरा वर्षं झाली. सोमवारी पहाटे जायचं, शनिवारी रात्री यायचं. या सव्वाशेएक किलोमीटरांत मी रहस्याच्या आणि भुताखेतांच्या इतक्या कादंबऱ्या संपवल्यात की त्यांनी माझ्या पाठीचा कणा संपवला. रस्त्याच्या कामामुळे काही प्रकरणं तर मी अक्षरशः उडत उडत वाचली आहेत. समीक्षक खुर्चीत बसून वाचतात, त्यामुळे त्यांना पुस्तकाची गती कळत नाही, असं माझं नम्र मत आहे. 'नम्र' सवयीनं आलं, ते सोडून द्या.

तर गती. नागठाण्यापर्यंत पात्रांच्या ओळखी उरकाव्यात. कंडक्टर तिकिटं फाडत मागच्या बाकापर्यंत पोचतो तेवढ्या वेळात वाडा, वाड्यातली माणसं आणि इस्टेट एवढं कळलं की पुरे. पुढे अतीत येतं. नायिकेचा जो काही भूतकाळ असेल तो गावाच्या नावाचा मान राखून इथे सांगून टाकावा. पण काशीळच्या पुढे तो लांबवू नये, कारण उंब्रज जवळ आलेलं असतं आणि प्रेत अजून जिवंत असतं. उंब्रजला प्रेत. उंब्रज ते कऱ्हाड तपास. कऱ्हाडला गाडी दहा मिनिटं थांबते, आणि लेखकाची खरी परीक्षा तिथेच होते. चहाच्या गर्दीत एका हातात कप आणि दुसऱ्या हाताचं बोट पुस्तकात, अशा अवस्थेत ज्यानं मला उभं केलं तो लेखक मोठा. पुस्तक सीटवर जागा धरायला ठेवून मी खाली उतरलो, तर समजावं की पुस्तकाची लायकी रुमालाइतकीच आहे. कासेगावच्या आसपास दुसरा खून पडायला हरकत नाही. पेठ नाक्याला गाडी हमरस्ता सोडून डावीकडे वळते, कथानकानंही तिथेच वळावं. काहींचं वळत नाही, ते सरळ कोल्हापूरला जातं आणि मी सांगलीला. इस्लामपूरला एखाद्या निरपराध माणसावर संशय, आष्ट्याला खुनी. आष्टा ते सांगली एवढा वेळ खुन्याला आपण हे का केलं ते सांगायला मिळतो. कृष्णेचा पूल लागला की त्यानं गप्प बसावं, कारण मला पिशव्या काढायच्या असतात.

हे वेळापत्रक अवघड आहे असं कुणी म्हणेल, तर त्यानं बाबूराव अर्नाळकर आठवावेत. हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसानं. त्यांच्या नायकाला, झुंजारला, कऱ्हाडच्या पुढचं तिकीट कधी काढावंच लागलं नसतं. आणि हल्लीच्या कादंबऱ्या? चारशे पानं. गाडी उंब्रजला येते तेव्हा नायक, त्याचं नाव रेयांश, अजून बिनदुधाची कॉफी करत असतो. मग तो खांदे उडवतो. मराठी माणूस आयुष्यात फार तर मान उडवतो. खांदे उडवायची सवय त्याला या कादंबऱ्यांतूनच लागली असावी. फौजदार घटस्फोटित असतो आणि त्याला झोप लागत नाही. आमच्या भागातले फौजदार मी बंदोबस्तात उभ्याउभ्या झोपलेले पाहिले आहेत.

एवढं बोलल्यावर तुम्हाला वाटेल की खुनी ओळखण्यात आपला हात कोण धरणार, असं मला वाटत असेल. वाटतंच. कऱ्हाडच्या चहानंतर मी तिकिटाच्या कोऱ्या पाठीवर खुन्याचं नाव लिहितो, घडी घालतो आणि खिशात ठेवतो. आष्ट्याला घडी उघडायची. अकरा वर्षांत मी बरोबर निघालो तो एकदाच, आणि ती कादंबरी मी आधी वाचलेली होती हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

या तिकिटांनी एकदा घात केला. माझे शर्ट धुण्याआधी खिसे तपासणं हे काम घरात बायको करते. एका रविवारी तिनं चार घड्या माझ्यासमोर मांडल्या. मशीनमधून येणाऱ्या या तिकिटांवरचा मजकूर आठवड्यात उडून जातो, पण मागे पेनानं लिहिलेलं टिकतं, हा एक वैज्ञानिक चमत्कार. पहिल्यावर होतं, 'वकील.' दुसऱ्यावर, 'माळी (लंगडतो, पण नाटक).' तिसऱ्यावर, 'मेहुणी?' आणि चौथ्यावर, 'मेहुणीच. नक्की. शनिवारी रात्री.'

माझी खरी मेहुणी सांगलीत विश्रामबागला राहते.

"हे काय आहे?" बायको म्हणाली.

मी सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि होती का मेहुणी?"

"नाही. डॉक्टर निघाला."

"वाटलंच," ती म्हणाली, आणि शर्ट भिजत घालायला गेली. डॉक्टर असणार असं तिला वाटलं, की मी चुकणार असं, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

पण हा अहंकार तसा किरकोळ. माझा मोठा अहंकार वेगळाच आहे. मी विवेकवादी माणूस आहे. शाळाशाळांत जाऊन मी चमत्कार करून दाखवतो आणि मग त्यांच्या पोटातलं रसायन सांगतो. जिभेवर कापूर जाळतो, पाणी ओतून दिवा पेटवतो (खाली कॅल्शियम कार्बाइड असतं), करणीचा नारळ फोडून आतून केस काढतो. मुलं टाळ्या वाजवतात. मी म्हणतो, "भूत आहे?" मुलं म्हणतात, "नाही!" त्याच रात्री मी नारायण धारपांची भयकादंबरी घेऊन पडतो आणि दीड वाजता बायकोला हलवून म्हणतो, "अगं, तुला जायचंय का?" तिला कधीच जायचं नसतं. तरी ती उठते, पॅसेजचा दिवा लावते आणि दाराबाहेर भिंतीला टेकून जांभया देते. आत मी मोठ्यानं खोकत असतो.

असलं काही वाचतो, ही गोष्ट मी चारचौघांत कबूल करत नाही. पाचगणीजवळच्या भिलारला, पुस्तकांच्या गावात, 2017 पासून घरोघरी पुस्तकं मांडलेली आहेत, घरागणिक साहित्यप्रकार वेगळा. तिथल्या एका घरच्या आजोबांनी विचारलं, "काय वाचणार, साहेब?" तोंडातून निघून गेलं, "वैचारिक." मग दोन तास मी एक जाडजूड वैचारिक ग्रंथ मांडीवर घेऊन स्ट्रॉबेरीच्या मळ्याकडे बघत बसलो.

धारपांची भीती वाटायची, कारण त्यांचं भूत आपल्या आळीत राहायचं. त्यांच्या 'लुचाई'चं बीज स्टीफन किंगच्या 1975 सालच्या 'सालेम्स लॉट'मध्ये आहे, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण धारपांनी ते भूत आणताना त्याला इथलं रेशनकार्ड काढून दिलं. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत तर भूत यायच्या आधीच घरातल्या माणसांची भीती वाटायला लागते. हल्ली हृषीकेश गुप्ते लिहितात तेव्हाही भूत घरच्या मोरीपर्यंत येतं. बाकी नवी मंडळी? त्यांची भुतं फार्महाउसवर असतात. पाऊस, घाट, मोबाइलला रेंज नाही, आणि तळघरात संस्कृत पोथी, जिच्यात विभक्ती चुकलेली. भूत येतं, आरसा फोडतं, शेवटच्या वीस पानांत कळतं की भूत नव्हतंच, नायिका मनोरुग्ण होती. मग शेवटच्या दोन पानांत कळतं की होतं.

माझी चीड त्या शेवटाच्या कोलांटउडीवर नाही. मला राग येतो तो या भुतांचं काहीच म्हणणं नसतं याचा. आमच्या जुन्या भुतांकडे तक्रार असायची. मुंज झाली आणि पोरगं गेलं, तो मुंजा. बाळंतपणात बाई गेली, ती हडळ. विहिरीत, नदीत जीव गेला, तो गिऱ्हा. जिवंतपणी ज्यांचं कुणी ऐकून घेतलं नाही अशांची ती यादी होती. एक चकवा तेवढा बिनतक्रारीचा. तो नुसता माणसाला रात्रभर एकाच शेतात फिरवतो, आणि नव्या लेखकांनी नेमका तोच गुरू केलेला दिसतो.

एक गोष्ट सांगतो, मग पुन्हा चेष्टेकडे येऊ. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. शिकले सांगलीच्या विलिंग्डनला आणि मिरजेच्या मेडिकल कॉलेजात, म्हणजे माझ्या एसटीच्याच वाटेवर. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घातल्या. खटल्याचा निकाल लागायला मे 2024 उजाडला. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. जवळजवळ अकरा वर्षं. माझ्या वेळापत्रकात खुनी आष्ट्याला सापडतो. त्या निकालाच्या आठवड्यात मी गाडीत पुस्तक उघडलं नाही. खिडकीबाहेर बघत गेलो.

दाभोलकरांसारखी माणसं जे काम जन्मभर करत होती, ते मी हौसेनं करतो, आणि हौशी माणसाचं पितळ कसं उघडं पडतं ते मला माण तालुक्यातल्या एका शाळेत कळलं. नारळ फुटला, केस निघाले, टाळ्या झाल्या. मग आठवीतली एक मुलगी उभी राहिली.

"सर, माझ्या आईच्या अंगात येतं. अवसेला. ती खोटं बोलती का?"

मी घसा साफ केला. मनाचा ताण, त्यावर उपचार, डॉक्टर, असं सगळं शिस्तीत सांगितलं. ती ऐकत राहिली. खाली बसता बसता म्हणाली, "पर त्या दिवशी आजी तिच्या पाया पडती. आन् सगळी तिचं ऐकत्यात."

इतर दिवशी काय होतं, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही. बाकावर माझा कापूर, माझं कार्बाइड, माझा फुटका नारळ. यातल्या कशातच त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तेव्हापासून कादंबरीत कुणा बाईच्या अंगात आलं, केस मोकळे सुटले, डोळे पांढरे झाले, की मी लेखकाला मनातल्या मनात विचारतो: हे ठीक आहे, पण काल रात्रीची भांडी कुणी घासली होती?

आता अलीकडचं. एका शनिवारी रात्री घरी आलो, जेवलो आणि गुप्त्यांचं 'हाकामारी' घेऊन पडलो. दहा पानांत वीज गेली. हाकामारी म्हणजे काय हे मला पुस्तकानं सांगायची गरज नव्हती, आजीनंच लहानपणी सांगितलं होतं. रात्री ती दारात येते, घरातल्या माणसाच्या आवाजात हाक मारते, आणि ओ दिली की संपलं. म्हणून आजीचा नियम: रात्री तीन हाका झाल्याशिवाय ओ द्यायची नाही. भूत तिसऱ्यांदा हाक मारत नाही.

अंधारात मागच्या बाजूनं आवाज आला, "अहो!"

आवाज बायकोचाच होता. पण तोच तर मुद्दा आहे. भूत नाही असं जिल्ह्यातल्या शेकडो मुलांकडून वदवून घेणारा मी, पुस्तक छातीवर धरून मोजत पडलो. एक.

"अहो, ऐकलं का?"

दोन.

तिसरी हाक आली नाही.

माझ्या तळपायाला घाम आला. आजीच्या शास्त्रानुसार आता शंकेला जागाच नव्हती. पाच मिनिटं, दहा मिनिटं मी हललो नाही. मग वीज आली आणि दारात बायको आली. केसांत पीठ, खांद्यावर पीठ, एका कोपराला खरचटलेलं. ती स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढत असताना वीज गेली होती. डोक्यावर पंधरा किलोचा डबा, पायाखाली डुगडुगणारं स्टूल, आणि उतरता येईना.

"मग परत हाक का नाही मारलीस?" मी खरोखर रागानं विचारलं.

ती केसांतलं पीठ झटकत म्हणाली, "दोनदा मारली की. तुम्ही ओ दिली नाहीत. मग म्हटलं, नेहमीचंच आहे."

त्या रात्री मी पुस्तक पुढे वाचलं नाही. दीड वाजता एकटा उठलो, पॅसेजचा दिवा स्वतः लावला, आणि खोकलो नाही. थोडंसं खोकलो.

तेव्हापासून मी पहिल्या हाकेला ओ देतो. "अ" ऐकू आला की "हो" म्हणून उठून उभा राहतो. कुकर उतरवतो, माळ्यावर मी चढतो, शर्टाचे खिसे स्वतः रिकामे करतो. तीन आठवडे झाले. काल सांगलीहून आलो तर बायको विश्रामबागच्या बहिणीशी फोनवर हळू आवाजात बोलत होती. दारात चपला काढता काढता शेवटचं वाक्य कानावर पडलं.

"नाही गं, ताप वगैरे काही नाही. पण माणूसच बदललाय. मी म्हणते, एकदा बाहेरचं बघून घ्यावं का?"